थू म्हटलं की सोडायचं

मला कुत्र्यांची किळस होती. भीती नव्हे, किळस. ते ओलं नाक, जिभेवरून ओघळणारी लाळ, कानात फुगून बसलेल्या गोचिड्या, आणि कुठेही घातलेलं तोंड लगेच माणसाच्या हाताला लावायची ती सवय. नुसतं आठवलं तरी मला घास गिळवत नसे. त्यामुळे बायकोने कुत्रा पाळायचा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा मी पानावरून उठून हात धुतले आणि ओटीवर जाऊन बसलो.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. रेवदंड्यापासून तासाभराच्या वाटेवर, समुद्राला लागून असलेल्या एका गावात मी मराठी शाळेत मास्तर होतो. घराला लागून शे-दीडशे पोफळी आणि वीस-पंचवीस माड एवढी वाडी वडिलांमागे माझ्याकडे आली होती. सन तीसच्या पुढेमागे वानरांच्या एका टोळीने ती वाडी आपलीच मानली. कोवळं शहाळं पाडायचं, एक घोट प्यायचं, फेकून द्यायचं, की दुसरं.

"तुम्ही शाळेत बसता. मी एकटी गोफण घेऊन किती धावू?" ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती चौलला माहेरी गेली आणि येताना पदराखालून एक तांबडं पिल्लू घेऊन आली. ठरलं ते असं, की खायला ती घालेल. मी त्याला हात लावणार नाही. हा करार जेमतेम वर्षभर टिकला.

कुत्रा वर्षात दांडगा झाला आणि कामाला चोख निघाला. वानर कुंपणावर दिसलं की हा बुंध्याशी हजर. शहाळी वाचू लागली. पण दुपारी वानरं झोपली की हा निघायचा तो थेट किनाऱ्यावर, कोळीवाड्याच्या पलीकडे, जिथे मासळी सुकत असे. तिथे टाकून दिलेली आतडी, माशांची डोकी, वाळूत कुजलेली एखादी मुशी, यांत तो पाठीवर पडून लोळायचा. लोळून झालं की अंगाला ते सगळं माखून, मोठा पराक्रम केल्यासारखा शेपटी वर करून घरी. तो वास दाराआधी यायचा. बायको पोटुशी होती, तिला वाकवेना. म्हणून शेवटी नाकाला फडकं बांधून, नारळाच्या काथ्याने त्याला घासायचं काम माझ्याकडे आलं. मी घासायचो आणि ओकाऱ्या काढायचो. तो आनंदाने अंग झाडायचा. माझ्या तोंडावर.

त्याच उन्हाळ्यात गावात पिसाळलेला कुत्रा शिरला. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या म्हातारीला तो चावला. तिला होडीने मुंबईला सुया टोचायला नेलं, पण उशीर झाला होता. गाव हादरलं. गावच्या कमिटीची बैठक बसली आणि दवंडी पिटली गेली: कुत्र्यांना विष घालण्यात येईल, ज्यांना आपला कुत्रा हवा असेल त्यांनी तो बांधून ठेवावा.

कणीक, गूळ आणि सुकटाचा भुगा यांचे गोळे करून त्यांत कुचल्याचं विष घातलेलं असे. पानात गुंडाळून ते गल्लीबोळांत टाकत. त्या आठवड्यात सकाळी शाळेला जायची वाट मी कधी विसरलो नाही. पाय ताठ झालेले, दात विचकलेले, तोंडाभोवती वाळलेला फेस, आणि त्यावर माश्या. एक कुत्रं सार्वजनिक विहिरीजवळ पडलं होतं. बायका त्याला वळसा घालून पाणी भरत होत्या. कमिटीचा नोकर पायाला दोरी बांधून एकेक ओढत नेई, आणि धुळीत त्याची रेघ उमटे. पिसाळलेला एक सोडला, तर मेलेली सगळी धड कुत्री होती. कमिटीचे अध्यक्ष सुपारीचे मोठे व्यापारी. ते ओट्यावर बसून दात कोरत म्हणाले, "गाव कसं स्वच्छ झालं, नाही?"

आमचा कुत्रा मोरीत बांधलेला होता म्हणून वाचला. पण पंधरा दिवस तो रडला, त्याने मानेची कातडी सोलून घेतली, आणि वानरांनी त्या पंधरा दिवसांत माड रिकामे केले. दवंडीवाला सांगून गेला होता, आता दर वर्षी शिमगा झाला की हेच.

"बांधूनच ठेवायचा तर म्हैस आणली असती," बायको म्हणाली. "मोकळा राहून त्याने खाऊ नये, असं काही शिकवता येत नाही का? तुम्ही मास्तर ना?"

मला शिकवता येत नव्हतं. येत होतं ते आमच्या टपालवाल्याला. तो पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आला होता, आणि गाव त्याला हवालदारच म्हणे. तिथल्या एका साहेबाचे कुत्रे सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. दिवाळी झाल्यावर एका रविवारी त्याने आमच्या अंगणात बसून कुत्र्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही ह्याला बोलावता कसं?"

"यू यू करतो."

"यू यू तर सगळं गाव करतंय. कोणीबी यू यू केलं की हा जाणार, आन् तुम्ही केलं तर म्हणणार, हा बी त्यातलाच. दुसरा शब्द पाहिजे, तुमचा एकट्याचा."

बराच विचार करून मी शाळेतला शब्द घेतला: "हजर!" हवालदार हसला, पण चालेल म्हणाला. मग त्याने दोन गोष्टी बजावल्या. हाक एकदाच मारायची. नाही आला तर पुन्हा ओरडायचं नाही, दोरीने ओढून आणायचा आणि आणल्यावर खायला द्यायचं. आणि हाक मारून बोलावलेल्या कुत्र्याला कधी म्हणजे कधी मारायचं नाही.

"आला आन् मार खाल्ला, तर पुन्हा कशाला येईल? तुम्ही याल?"

वीस हात लांब काथ्याची दोरी कुत्र्याच्या गळ्याला बांधून आम्ही वाडीत सुरुवात केली. हजर म्हणायचं, ओढायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा. चार दिवसांत वाडीत तो बरा येऊ लागला. किनाऱ्याच्या वाटेवर नेला तेव्हा मात्र त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोरी हातातून सरकली आणि तळहाताची साल गेली.

"भाकरीने काय होतंय, मास्तर?" हवालदार म्हणाला. "तिकडं मासळी हाय. तुमच्या खिशात तिच्यापेक्षा बरं कायतरी पाहिजे."

"म्हणजे?"

"सुकट ठेवा खिशात."

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या अंडंही आलं नव्हतं. मी दोन दिवस तो विचारच करू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी सुकट विकणाऱ्या कोळणीच्या टोपलीसमोर उभा राहिलो. श्वास रोखून.

"काय वो मास्तर, बामनाच्या घरान सुकट कवापासून शिजाया लागली?"

"कुत्र्यासाठी हवी आहे."

"व्हय व्हय. पयल्यांदा समदीच कुत्र्यासाठी नेतान," असं म्हणून ती इतकी हसली की शेजारच्या दोघीही तिच्याबरोबर हसू लागल्या.

बिस्किटांच्या एका चपट्या डब्यात सुकट भरून मी कोटाच्या खिशात ठेवली. बोटांना तो वास लागला तो राखेने घासून जाईना. जेवताना घास तोंडाजवळ आला की बोटांचा वास आधी यायचा. मी डाव्या हाताने सुकट द्यायची शिस्त लावून घेतली, तरी उपयोग झाला नाही. वर्गात मी फळ्याकडे वळलो की मागे खसखस पिकायची. एकदा हेडमास्तर मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, तुमच्या कोटात काहीतरी मेलं आहे."

पण कुत्रा येऊ लागला. डब्याच्या झाकणाचा आवाज झाला की तो वारा प्यायल्यासारखा यायचा. पुढे डबा न वाजवताही येऊ लागला.

बोलावणं जमलं तरी तोंडातलं सोडणं राहिलंच होतं. तो शब्द मी ठरवून दिलेला नाही. एका संध्याकाळी ओहोटीला वाळूवरून चाललो असताना त्याने कुजलेल्या माशाचं एक डोकं उचललं. डोळा बाहेर लोंबत होता आणि जबड्यातून किडे गळत होते. मी काही विचार करायच्या आत माझ्या पोटातूनच आलं, "थू!" आणि मी खरोखर थुंकलो. कुत्रा दचकला. डोकं खाली पडलं.

हवालदाराने मागून मांडीवर थाप मारली. "हाच! हाच शब्द ठेवा. मनापासून आला, म्हणून त्याला कळला. द्या, सुकट द्या लवकर!"

मग रोज थू. आधी मुठीत सुकट धरून, मग जमिनीवर बुटाखाली, मग उघड्यावर. त्याने तोंड मागे घेतलं की खिशातला तुकडा. जमिनीवरचा तुकडा कधीच नाही. टाकलेलं खायचं ते त्याच्या नशिबात नाहीच, हे त्याला कळलं पाहिजे होतं. आधी जाड दोरी, मग पातळ सुतळी, मग जाळ्याचा नुसता धागा. धागा तुटेल इतका बारीक होता, पण कुत्र्याला ते ठाऊक नव्हतं.

मध्ये एकदा सगळं विस्कटलं. कोळीवाड्यात घोळीच्या माशाची आतडी उघड्यावर पडली होती. माझा थू त्याच्या कानात शिरलाच नाही. त्याने वीतभर लांब काहीतरी न चावता गिळलं, आणि घरी येऊन आमच्या माजघरात, पाटाशेजारी, ते सगळं परत काढलं. त्या ओकारीत काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही. ते पुसता पुसता मलाही उलटी झाली, त्यातच. बायको दारात उभी राहून आधी घाबरली, मग भिंतीला धरून हसत सुटली. मी त्या रात्री जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाड दोरीपासून सुरुवात केली.

संक्रांतीनंतर धागा काढला. पहिल्या मोकळ्या संध्याकाळी मासळी सुकवायच्या जागेत पाच-सहा कुत्री एका आतड्यावरून एकमेकांचे कान फाडत होती, आणि आमचा त्यांच्या मधोमध होता. मी शंभर पावलांवरून एकदाच म्हणालो, "हजर!" त्याने मान वर केली. क्षणभर तो आतड्याकडे आणि माझ्याकडे पाहत राहिला. मग ते सगळं सोडून धावत आला आणि माझ्या पायाशी बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आपण होऊन ठेवलेला तो पहिला हात. घरी येऊन तो तीनदा धुतला, हेही खरं.

इथवर सगळं बरं होतं. पण गावाला ही गोष्ट कळली आणि न्हाव्याच्या ओट्यावर बसणाऱ्या रिकाम्या मंडळींना करमणूक मिळाली. मी कुत्र्याला घेऊन निघालो की कोणी कलेजीचा तुकडा टाकी, कोणी भजी. कुत्रा बघायचा, मी थू म्हणायचो, तो सोडायचा. ते टाळ्या वाजवायचे. मग एकाने भज्यात मिरचीचं बी भरून टाकलं. एकाने तोंडातल्या पानाचा चघळलेला लगदा टाकला. त्यांना कुत्र्याने खावं असं वाटत नव्हतं आणि न खावं असंही नव्हतं. त्याची तगमग बघायची होती. गळलेली लाळ बघून एक सभ्य, धोतर-टोपीतला गृहस्थ गुडघ्यावर थापा मारून हसला. त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं, कुत्र्याचं तोंड एवढं घाण नाही.

अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. "मास्तर, फाल्गुनात प्रांतसाहेब येताहेत. जेवणानंतर तुमच्या कुत्र्याचं काम दाखवा. साहेबांना शिकार-कुत्र्यांचा शौक आहे."

मी नाही म्हणू शकलो असतो. हवालदार म्हणाला, जाऊ नका. बायको म्हणाली, कशाला? पण साहेबांसमोर उभं राहायला मिळेल आणि मग विषाचा विषय काढता येईल, असं मी दोघांनाही सांगितलं. खरं सांगायचं तर मला कौतुकही हवं होतं.

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात साहेब, अध्यक्ष आणि दहा-बारा माणसं जेवून बसली होती. अध्यक्षांनी भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा कुत्र्यासमोर ताटलीत ठेवला. मी थू म्हणालो. कुत्रा बसला. साहेब "वा" म्हणाले. मग कोणीतरी पानाचं तबक फिरवलं, गोष्टी बंदराच्या धक्क्याकडे वळल्या, आणि मी तिथे उभाच राहिलो. कुत्रा ताटलीसमोर बसलेला. पाव तास झाला असेल. त्याच्या पुढच्या पायांखाली फरशीवर लाळेचं थारोळं झालं होतं, तो थरथरत होता, आणि डोळे माझ्यावरून हलवत नव्हता. त्याला उठवायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, मी साहेबांनी पुन्हा माझ्याकडे पाहायची वाट बघत होतो.

शेवटी संधी साधून मी म्हणालो, "साहेब, कुत्री शिकवता येतात. ती मारण्याची जरूर नाही, अशी विनंती..."

अध्यक्षांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "हेच मी म्हणतो, साहेब! मास्तरांनी करून दाखवलं. ज्याला आपल्या कुत्र्याची कदर आहे त्याने असं शिकवावं. ज्यांना शिकवायला नको, त्यांची कुत्री मेली तर तक्रार कसली?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांना हे फार पटलं. मी घरी आलो तो कुत्र्याच्या मागून चालत. त्या दिवशी मला माझीच जी शिसारी आली ती कोणत्याही सडक्या मासळीने आली नव्हती.

शिमगा झाला. विषाच्या पहिल्या सकाळी मी शाळेआधी कुत्र्याला मोकळा घेऊन निघालो, कारण एकदा खरोखर पाहणं भाग होतं. देवळामागच्या बोळात वडाशी पानात गुंडाळलेला गोळा पडला होता. कुत्र्याने नाक लावलं. मी म्हणालो, "थू." तो लगेच मागे सरला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. इतक्या महिन्यांची मेहनत तेवढ्यासाठीच होती. मी खिशातला डबा काढला.

तेवढ्यात वडाच्या मुळांतून एक काळी कुत्री आली. पिल्लं तिथेच होती, तिचे सड ओघळलेले होते. ती सरळ गोळ्याकडे निघाली. मी ओरडलो, "थू! थू! थू!" मी दगड मारला तो चुकला. तिने माझ्याकडे पाहून शेपटी हलवली आणि पानासकट गोळा गिळला.

ते फार वेळ चाललं नाही, पण मला फार वाटलं. तिचे पाय ताठ झाले, मान मागे ओढली गेली, आणि ती पडल्या पडल्या धावत असल्यासारखे झटके देऊ लागली. कमिटीचा नोकर बोळाच्या तोंडाशी दोरी घेऊन उभा होता. त्याला बघून मी पुन्हा थुंकलो.

तो जवळ आला. "मास्तर, माझ्यावर थुंकू नका," तो हळू म्हणाला. "गोळे मी वळत न्हाय. ते अध्यक्षांच्या वाड्यात वळतात. मी टाकतो आन् उचलतो. माझी बी कुत्री होती, ती बी मीच उचलली."

मला तोंड वर करवेना. "तुमच्यावर नाही," मी म्हणालो. ते खोटं होतं, आणि त्याला कळलं. दोघांनी मिळून पिल्लं टोपलीत भरली. पाच होती. तीन जगली, त्यातलं एक त्याने नेलं, दोन कोळणीने.

त्या संध्याकाळी मी अध्यक्षांच्या ओट्यावर गेलो. चार माणसं बसलेली होती. मी म्हणालो, "माझ्या कुत्र्याचं उदाहरण पुन्हा कुठे देऊ नका. मी तो खेळ केला, त्याची मला लाज वाटते. तुम्हालाही वाटायला हवी."  अध्यक्षांनी पानाची पिंक माझ्या पायांजवळ टाकली आणि हिशेबाची वही उघडली.

जूनमध्ये माझी बदली झाली, डोंगराकडच्या एका भाताच्या गावी. बदली कोणी केली ते मला कोणी सांगितलं नाही. वाडी बायकोच्या भावाला बघायला दिली. बैलगाडीतून गेलो, बायको, तान्ही मुलगी, आणि गाडीमागे मोकळा चालणारा कुत्रा. तिकडे समुद्र नव्हता, मासळी नव्हती. तो आयतं खायचा आणि खळ्यावर झोपायचा. हजर म्हटलं तर शेवटपर्यंत यायचा, म्हातारपणी लंगडत यायचा. मी त्याला उगाच बोलावत नसे.

दोन वर्षांनी हवालदाराचं पत्र आलं. त्या शिमग्याला अध्यक्षांच्या शेजाऱ्याच्या गाईने बोळातला एक गोळा खाल्ला आणि ती देवळासमोर मेली. गाव पेटलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच काठ्या घेऊन अध्यक्षांच्या दारात गेले. विष त्याच दिवशी बंद झालं. नवा अध्यक्ष निवडला गेला, आणि कुत्र्यांबद्दल, हवालदाराने लिहिलं होतं, अजून कोणी एक शब्द बोललेलं नाही.

मी पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"मग आता बदलीचा अर्ज करायचा का? परत जायला मिळेल."

"नको," मी म्हणालो.

तिने आग्रह केला नाही. पुढच्या साली आम्ही वाडी विकली.